उणे चौसष्ट मीटर

लेहला जायचं ठरलं की पुण्याचा माणूस आधी तपकीर गल्लीत जातो. मनाली, केलाँग, बारालाचा वगैरे मंडळी नंतर. मला याची कल्पना नव्हती. मेव्हण्यानं "दाजी, यंदा लेह टाकू" असं जाहीर केलं तेव्हा मला वाटलं, ऑइल बदलू, चेन ताणून घेऊ, क्लचची एक जादा केबल बरोबर ठेवू आणि निघू. तसं मी बोलूनही दाखवलं. मेव्हण्यानं डोळे मिटले. समोरच्याच्या अज्ञानाची कीव आली की तो डोळे मिटतो. माझ्याशी बोलताना तो बराच वेळ तसाच असतो.

"ऑइल कोणीही बदलेल हो. नॅव्हिगेशनचं काय?"

"मनालीहून लेहला नेहमीचा रस्ता एकच. चुकायचं म्हटलं तरी चुकणार कुठं?"

"तेच म्हणतोय मी. अशा ठिकाणी चुकलात तर सांगायला कोण आहे?"

या वाक्यात कुठेतरी गडबड आहे हे कळत होतं. पण मेव्हणा एका मोठ्या कंपनीत काहीतरी 'मॅनेज' करतो आणि अशी वाक्यं बोलण्याचाच त्याला पगार मिळतो. रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर 'मिशन लेह' नावाचा ग्रुप निघाला. त्यात आम्ही दोघं, तांत्रिक सल्लागार म्हणून माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि "पैशांवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं" म्हणून बायको. पाठोपाठ एक्सेलची शीट आली. तिच्यात 'गाडी' या विषयाला एक ओळ होती. 'इलेक्ट्रॉनिक्स'च्या तळाशी जाईपर्यंत माझा अंगठा दुखायला लागला.

माझं म्हणणं साधं होतं. माझ्याकडे मोबाइल आहे, मोबाइलमध्ये नकाशा आहे आणि नकाशातली बाई मराठीत बोलते. आणखी काय हवं?

"मामा, फोन असा नुसता हँडलला लावतात का?" भाचा म्हणाला. "कॅमेरा जाईल तुझा."

मला वाटलं, चोरीला जाईल. तसं नव्हतं. हल्लीच्या अनेक फोनांत, आपला हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याचं भिंगच आतल्या आत किंचित हलत असतं. हाताची थरथर ते सांभाळून घेतं. इंजिनाचे हादरे तासन्‌तास बसले की मात्र बिघडू शकतं. ही काही ग्रुपवर फिरणारी अफवा नव्हे. मोटरसायकलच्या जोरदार हादऱ्यांपासून आयफोन जपा, असं खुद्द ॲपलनं २०२१च्या सप्टेंबरात जाहीर केलं होतं. आणि माझी गाडी एका सिलिंडरची, बऱ्याच पावसाळ्यांची. ती सिग्नलला नुसती उभी राहिली तरी शेजारच्या रिक्षातल्या प्रवाशाचा चष्मा नाकावर घसरतो.

उंदरांनी लंगोटी कुरतडू नये म्हणून मांजर, मांजराच्या दुधासाठी गाय आणि गाईची उस्तवार करायला बायको आणणाऱ्या साधूची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. तो साधू लेहला निघाला होता, एवढंच आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं. फोनला होल्डर घेतला. होल्डरखाली हादरे गिळणारा रबरी डँपर घेतला. नकाशा चालू ठेवला की फोनची बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून हँडलवर चार्जर. चार्जरची वायर गाडीच्या बॅटरीवरून घ्यायची, तर नाना पेठेतला मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, या बॅटरीवर हॉर्न वाजतोय ना, त्यातच समाधान माना." म्हणून नवी बॅटरी. चार्जर दगा देईल म्हणून पॉवर बँक. थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून पॉवर बँक अंगाच्या उबेला हवी; त्यासाठी आतून खिसा असलेलं जॅकेट. एवढं सगळं ठेवायला सॅडलबॅगा. त्या सायलेन्सरला टेकून जळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टे. आणि स्टे बसवल्यावर गाडी आमच्या पार्किंगच्या दोन खांबांमधून आत जाईना. पार्किंगची जागा बदलून मागायला मी सोसायटीच्या चेअरमनकडे गेलो. त्यांनी लेखी कारण मागितलं.

"कॅमेऱ्याचं भिंग हलतं," मी लिहिलं.

तपकीर गल्लीतल्या दुकानदारांबद्दल मला आदर आहे. बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत समोरून हातगाडी आली की माणसाला शेजारच्या दुकानात शिरावं लागतं, आणि शिरलं की काहीतरी विचारावं लागतं. आम्ही हेल्मेटला लावायच्या ब्लूटूथ इंटरकॉमबद्दल विचारलं. दोन गाड्यांवरच्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं ते यंत्र.

"वॉटरप्रूफ आहे का?"

"आयपी सदुसष्ट," दुकानदार पंख्याकडे बघत म्हणाला.

"म्हणजे?"

"सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवा, काही होत नाही."

"म्हणजे पावसात चालेल."

इथं भाच्यानं तोंड घातलं. हे आकडे म्हणे वेगवेगळ्या परीक्षांचे असतात. बुडवून काढण्याची परीक्षा निराळी, जोराचं पाणी मारण्याची निराळी. सातवी पास झालेला पाचवी-सहावीही पास असेलच असं नाही.

"म्हणजे मी विहिरीत पडलो तर हे चालू राहील," मी म्हणालो, "पण पावसात बंद पडू शकेल?"

"विहिरीत पडल्यावर बोलायचंय कोणाशी?" दुकानदारानं विचारलं. साऱ्या खरेदीत मला भेटलेला हा एकमेव व्यवहारी माणूस. त्याच्याकडून आम्ही दोन घेतले.

मेव्हण्यानं फोनच्या नादी न लागता खास मोटरसायकलसाठी केलेलं नॅव्हिगेशनचं वेगळं यंत्र मागवलं. तेवढ्या पैशांत आमच्याच बिल्डिंगमधल्या एकानं सेकंडहँड स्कूटर घेतली होती आणि ती एक अवाक्षर न बोलता त्याला रोज ऑफिसला पोचवत होती. पण मेव्हण्याचे मुद्दे बिनतोड होते. फोन उन्हात तापला की झोपतो, हातमोजा घातला की मालकाचं बोट ओळखत नाही. "आणि हे थेट उपग्रहाशी बोलतं," तो आवाज खाली आणून म्हणाला. फोनसुद्धा थेट उपग्रहांचंच ऐकतो, त्याला जागा कळायला इंटरनेट लागत नाही, चार उपग्रह दिसले की काम झालं, इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, हे भाच्यानं त्याला सांगून पाहिलं. मेव्हण्यानं डोळे मिटले.

मग भाच्यानं आणखी एक माहिती पुरवली. अमेरिकेचं लष्कर जीपीएसच्या नागरी संकेतात पूर्वी मुद्दाम घोळ घालून ठेवायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडची तिकडं दिसायची. २ मे २००० रोजी तो घोळ काढून टाकला. शंभर मीटर म्हणजे सदाशिव पेठेत दोन बोळ, तीन वाडे आणि कायमचं एक वैर. बरं झालं काढला.

यादीतली पुढची वस्तू होती उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र. कुठेही अडकलात की लाल बटण दाबायचं, मदत येते. मेव्हणा मोहरून गेला. भाच्यानं नियम वाचून दाखवले: भारतात सॅटेलाइट फोन किंवा असलं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही याच्यापायी पकडलेलं आहे.

"म्हणजे बटण दाबलं की पोलीस येणार?" बायकोनं विचारलं.

"न दाबताच येणार, मामी."

ती ओळ शीटमधून गेली. पोस्टपेड सिमची ओळ राहिली, कारण बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये मुकं होतं. पेट्रोलच्या कॅनची ओळ तर लाल अक्षरांत होती. केलाँगच्या अलीकडे तांदीला पेट्रोल पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' अशी प्रसिद्ध पाटी आहे. तिचे फोटो मेव्हणा ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातसारखे टाकायचा. एकदा बायकोनं त्याखाली लिहिलं, "पेट्रोलचं कळलं. बाथरूम किती किलोमीटर नाही?" त्या दिवशी ग्रुपवर पुढं कोणी काही बोललं नाही.

या सगळ्याची बातमी सासऱ्यांना लागली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते काठी टेकत आले आणि काखेतून कापडावर चिकटवलेला एक नकाशा काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला. घड्यांवर उडालेला, कडेला चहाचं वर्तुळ. नकाशा कोकणाचा होता.

"बाबा, आम्ही लेहला चाललोय," मेव्हणा म्हणाला.

"माझ्याकडे हाच आहे," सासरे म्हणाले.

त्यात रायगड नव्हता, कुलाबा होता. आणि रत्नागिरी जिल्हा थेट गोव्याच्या वेशीपर्यंत पसरलेला होता. म्हणजे नकाशा १९८१च्या आधीचा; कुलाब्याचा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला तो त्याच साली. सासऱ्यांनी मग मला दगडांची विद्या दिली. "जावईबापू, मैलाच्या दगडाचं डोकं बघायचं. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्याचा, नारिंगी असेल तर ग्रामसडक. मला या विद्येला कधी चार्जर लागला नाही."

"पण बाबा, दगड वाचायला गाडी थांबवावी लागते."

"मग थांबवा. तुम्हाला काय टपाल पोचवायचंय?"

मला त्या रात्री नैनसिंग रावत आठवले. कुमाऊंचे हे शाळामास्तर १८६५-६६ साली ब्रिटिश सर्वेक्षणासाठी वेष बदलून ल्हासाला पायी जाऊन आले आणि १८७४ साली तर लेहहूनच पुन्हा ल्हासाला निघाले. त्यांची साधनसामग्री काय? जपमाळ, तीही १०८ मण्यांची नव्हे, मोजायला सोपी पडावी म्हणून १०० मण्यांची. ठरावीक पावलं झाली की एक मणी ओढायचा. फिरवायच्या प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी टिपणांचे कागद. उंची काढायला पाणी उकळायचं आणि त्यात तापमापक बुडवायचा. मी ही माहिती ग्रुपवर टाकली. मेव्हण्यानं विचारलं, "बॅकअप काय होता त्यांच्याकडे?"

रंगीत तालीम म्हणून आम्ही लोणावळ्याला निघालो. इंटरकॉमची चाचणी चांगली झाली. म्हणजे निगडीपर्यंत मला मेव्हण्याच्या जबड्यात बडीशेप फुटताना स्पष्ट ऐकू येत होती. अडचण एवढीच, की नकाशातली बाई आणि मेव्हणा एकाच वेळी बोलायला लागले की यंत्र मेव्हण्याला प्राधान्य द्यायचं. "पुढे दोनशे मीटरवर…" असं ती म्हणायची आणि लगेच "दाजी, ते मिसळीचं हॉटेल बघितलंत?" त्या दोनशे मीटरवर काय होतं ते किवळ्याला कळलं, कारण तिथं द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी हवालदार उभे होते.

"दुचाकीला बंदी आहे, दिसत नाही? एवढा मोठा बोर्ड लावलाय."

"नकाशा बघत होतो," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी माझ्या फोनवर वाकून बघितलं आणि दोन बोटांनी मला दाखवलं, की मी नकाशात चारचाकीचं चित्र निवडून ठेवलंय. दुचाकीचा वेगळा पर्याय गूगलनं २०१७च्या डिसेंबरात आणला तो जगात सर्वांत आधी भारतात, आणि तरी तो आम्हाला हवालदारांनी शिकवावा लागला. त्यांनी नंबरप्लेटचा फोटो काढला. ई-चलानाचा मेसेज आला तेव्हा फोन समोर हँडलवरच असल्यामुळे मला तो ताबडतोब वाचता आला. होल्डर वसूल व्हायला तिथून सुरुवात झाली.

तालमीनंतर सुधारणा आल्या. सुधारणांसाठी खरेदी आली. उंची दाखवणारं ॲप आलं, कारण तंगलंगला खिंडीत ५,३२८ मीटर हा आकडा दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढून तो ग्रुपवर टाकायचा, हे मेव्हण्याचं आयुष्याचं ध्येय बनलं होतं. डोक्याला बांधायचा दिवा आला. त्याला सेल कमी पडले ते घरातच कुठून तरी काढून भागवले. कॅमेरा आला, हेल्मेटला लावायचा, इंटरकॉमला जोडला की बोलणंसुद्धा रेकॉर्ड करणारा. तो हनुवटीला लावायचा की कपाळाला यावर आमच्यात इतके दिवस मतभेद चालले की शेवटी ऑक्टोबर उजाडला, बारालाचावर बर्फ पडलं आणि मिशन लेह आपोआप संपलं.

मला हायसं वाटलं. मेव्हणा दोन दिवस जेवला नाही, म्हणजे आमच्याकडे जेवला नाही. पण शीट बायकोकडे होती. "एवढं घेऊन ठेवलंय," ती म्हणाली, "आता कुठंतरी जायलाच हवं. हे सगळं धूळ खात इथं पडलेलं मला चालणार नाही." सासऱ्यांनी न बोलता नकाशा पुन्हा टेबलावर पसरला.

अशा रीतीने लेहचं सगळं सामान घेऊन आम्ही कोकण किनाऱ्याला निघालो. थंडीचं जॅकेट, पेट्रोलचा कॅन, पोस्टपेड सिम, सगळं. चांदणी चौकातच दोन्ही यंत्रांचं फाटलं. २०२३ साली तिथं नवे पूल झाल्यापासून अस्सल कोथरूडकरही आपल्याच घराच्या खिडकीकडे बघत दोनदा फिरून येतो. तिथं यंत्रांना काय बोल लावणार? माझी बाई भूगावकडे चला म्हणत होती. मेव्हण्याचं यंत्र त्याला नाशिक रस्त्याकडे ओढत होतं. चौकशीअंती कळलं, की त्यानं मुक्कामाच्या वाटेवर 'खेड' घातलं होतं आणि यंत्रानं रत्नागिरीचं खेड सोडून पुण्याजवळचं, राजगुरुनगरचं खेड उचललं होतं.

"यंत्राचं बरोबर आहे," मेव्हणा म्हणाला. "जवळचं तेच आहे."

ताम्हिणी घाटात रेंज गेली. ही तर आमची परीक्षेची घडी. यासाठीच भाच्यानं नकाशे आधीच उतरवून ठेवले होते. मी फोन बघितला. राखाडी पडद्यावर एक निळा ठिपका, भोवती काही नाही. मग लक्षात आलं, फोनमध्ये अख्खा लडाख होता. झंस्कारच्या खोऱ्यातली पायवाट मी तिथं उभ्या उभ्या दाखवू शकलो असतो. माणगाव कुठल्या अंगाला, ते मात्र धबधब्याशी कणसं भाजणाऱ्या बाईंनी दाखवलं.

बागमांडल्याला फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडली, वेश्वीला उतरलो. केळशीच्या अलीकडे एका फाट्यावर पुन्हा दोन मतं झाली. बांधावर एक गृहस्थ विडी ओढत बसले होते. मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, आंजर्ल्याचा रस्ता विचारला. त्यांनी आधी माझं हँडल नीट न्याहाळलं. फोन, त्याच्या शेजारी चार्जर, वर कॅमेऱ्याचा रिमोट, खाली कंपास, जो यादीत कधी शिरला ते मलाही आठवत नाही.

"एवढे टीव्ही लावलेत नि मला इचारताव?"

"ते वेगवेगळं सांगतायत."

"मग मी तिसरं सांगतो," ते म्हणाले. "सरळ जावा. कलमांची बाग सरली की डावीकडं. फुडं कुणालाबी इचारा."

रस्ता सांगणारा महाराष्ट्रात कुठलाही असो, शेवटचं वाक्य हेच. एकदा तरी कोणी "पुढं कोणालाही विचारू नका" असं सांगेल, या आशेवर मी जगतोय. पुण्यात तर सुरुवातच "तुम्ही आलात कुठून पण?" अशी होते आणि आपण मुळात इकडून यायलाच नको होतं, इथं ती संपते.

हर्णैला पोचलो तेव्हा बंदरावर माशांचा लिलाव रंगात आला होता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर टोपल्यांची वर्तुळं. पापलेटांच्या एका ढिगाभोवती दहा-बारा माणसं आणि मध्ये एक कोळीण, कमरेवर हात. ती आकडा पुकारत नव्हती, नुसती भुवई उडवत होती आणि प्रत्येक भुवईला बोली चढत होती. ओल्या वाळूत बैलगाडीच्या चाकांचे खोल चरे पडलेले, त्यांत खवले चमकत होते. त्यातलाच एक खवला उडून माझ्या फोनच्या काचेवर, बरोबर दापोलीवर, येऊन चिकटला. मेव्हण्याला मात्र त्याच्या ध्येयाची आठवण झाली. तंगलंगला नाही तर नाही, हर्णै तर हर्णै. त्यानं उंचीचं ॲप उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"दाजी, उणे चौसष्ट मीटर."

"म्हणजे?"

"आपण समुद्रसपाटीच्या चौसष्ट मीटर खाली आहोत."

आम्ही दोघांनी समुद्राकडे बघितलं. तो आमच्या बुटांपासून पंधरा पावलांवर होता, पातळीत होता आणि कोणावर चाल करून येण्याचा त्याचा विचार दिसत नव्हता. भाच्याला फोन लावला. तो हसून हसून थांबेना. उपग्रहांच्या हिशेबात म्हणे पृथ्वी हा एक चापूनचोपून केलेला लंबगोल आहे. खऱ्या पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे समुद्राची पातळी या कल्पित गोळ्याच्या कुठे वर असते, कुठे खाली. यातला जगातला सगळ्यात मोठा खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, शंभर मीटरहूनही खोल. आणि आपला कोकण किनारा त्याच्याच उतरणीवर, साठ-सत्तर मीटर खाली. चांगली ॲप हा फरक वजा करून दाखवतात. मेव्हण्यानं फुकटातलं घेतलं होतं. साऱ्या शीटमध्ये एवढ्या एकाच ठिकाणी त्यानं काटकसर केली होती.

"काय झालं?" कोळणीनं विचारलं. एवढा वेळ समोर उभं राहून माशांकडे न बघणारी माणसं तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावीत.

"हे यंत्र म्हणतंय की आम्ही पाण्याखाली आहोत."

"मंग ताजंच मिळंल," ती म्हणाली. "घेताव का?"

घेतलं. पेट्रोलच्या रिकाम्या कॅनचं तोंड लहान पडलं, म्हणून पापलेट सॅडलबॅगेत ठेवलं, पॉवर बँकेच्या शेजारी. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीनं पार करावी लागते. सासऱ्यांच्या नकाशात तिथं तुटक रेघ आणि बारीक अक्षरांत 'तर' असं लिहिलेलं होतं. माझ्या फोनला हे मान्य नव्हतं. लेहची तयारी करताना मेव्हण्यानं सगळ्या सेटिंगांवर नजर फिरवली होती आणि 'फेरीबोट टाळा'पुढे खूण करून ठेवली होती. हिमालयात ऐनवेळी फेरीबोट लागली तर काय घ्या! परिणामी भर खाडीत, बोटीवर, निळा ठिपका पाण्यावर तरंगत असताना बाई घायकुतीला आली. शक्य असल्यास यू-टर्न घ्या. शक्य असल्यास यू-टर्न घ्या. तिच्या मते आम्ही मागे वळून खेड-चिपळूणला वळसा घालायला हवा होता.

"काय म्हणतेय ती?" तिकिटं फाडणाऱ्या पोरानं विचारलं.

"परत फिरा म्हणते."

"तिला सांगा, पैसे परत मिळणार नाहीत."

वेळणेश्वरच्या चढावर परतीच्या पावसानं गाठलं. इंटरकॉमनं तपकीर गल्लीतलं भविष्य खोटं ठरवलं आणि पावसात टिकला. हातमोज्यातल्या बोटाला दाद न देणाऱ्या फोननं मात्र पावसाच्या प्रत्येक थेंबाला बोट मानलं. थेंबांनी आधी नकाशा मागं मागं नेला, इतका की एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सोमालिया. मग वाटेत एक पेट्रोल पंप आणि एक ब्यूटी पार्लर असे दोन थांबे घातले. शेवटी एका मोठ्या थेंबानं फोन लावला. सोसायटीच्या चेअरमनना. त्यांना बराच वेळ नुसता वारा ऐकू आला, मग माझा आवाज, जिवाच्या आकांतानं: "खड्डा! खड्डा!" आमच्या गेटसमोरचा खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवण्यात आला. एवढ्या यंत्रांतून सार्वजनिक हिताचं झालं ते इतकंच.

तवसाळ-जयगड ओलांडून गणपतीपुळे, रत्नागिरी वगैरे यथासांग झालं. मधला काही भाग दगडांच्या डोक्यांवर झाला, काही चहाच्या टपऱ्यांवर. आंबा घाटानं वर चढून घरी आलो.

आल्या रविवारी सगळे टीव्हीसमोर जमले. सासरे आरामखुर्चीत, बायको सोफ्यावर, भाच्यानं कॅमेऱ्याचं कार्ड जोडलेलं. कॅमेरा शेवटी हनुवटीला लावला होता. तो पहिल्याच गतिरोधकाला खाली झुकला होता, हे पडद्यावर चित्र आल्यावर समजलं.

"हा कुठला घाट?" सासऱ्यांनी चष्मा सावरत विचारलं.

"ते माझं पोट आहे."

"अस्सं. आणि समुद्र?"

"उजवीकडे वर, कोपऱ्यात, ती निळी रेघ दिसते का? आता गेली."

अख्खं कोकण माझ्या जॅकेटच्या चेनीमागून सरकत गेलं. आवाज मात्र फारच सुरेख आला होता. मेव्हण्याची बडीशेपसुद्धा वेगळी ऐकू येत होती. थोड्या वेळानं त्यानं बडीशेप संपवली आणि टीव्हीतून मोकळ्या आवाजात विचारलं, "दाजी, एक सांगू? ताई ग्रुपवर नसती ना, तर आपण जूनमध्येच लेहला पोचलो असतो. तुम्ही घाबरता तिला. खरं की नाही?"

मी रिमोट उचलून बटण दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. मग आठवलं की डोक्याच्या दिव्याला कमी पडलेले सेल कुठून काढले होते.

"अरे, बंद कर ना ते!" मेव्हणा भाच्यावर ओरडला.

"असू दे," बायको म्हणाली आणि सोफ्यावर जरा पुढं सरकून बसली. "यांचं उत्तर ऐकू दे."

टीव्हीत मी घसा खाकरला. "तुला म्हणून सांगतो," माझा आवाज म्हणाला, "तुझी ताई…" आणि बाईनं मला यू-टर्न घ्यायला सांगितलं.